मापून की तोलून?

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली एक ओळ आहे. कलम १३ सांगतं की, पिकाच्या राखणीसाठी खरोखरच हवी असेल तर नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. हा कायदा झाला तेव्हा सैन्यांनी ठासणीच्या बंदुका मोडीत काढून शंभरेक वर्षं होत आली होती. तरी दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी तिचं नाव घेतलं, आणि त्यात शहाणपण होतं. ही बंदूक एका वेळी एकच बार काढते आणि पुढचा भरायला वेळ घेते. राखणीला तेवढं पुरतं, दंग्याधोप्याला पुरत नाही.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची उत्तर बाजू सातपुड्याला टेकलेली आहे. तेल्हारा, अकोट, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्यात तूर भरात आली, हरभऱ्याला घाटे धरले की मेळघाटाच्या अंगानं रानडुकरं आणि रोही उतरतात. एका रात्रीत एकरभर पीक लोळवून जातात. पऱ्हाटीही सुटत नाही. मग धुऱ्यावर शेकोटी, डबे बडवणं, फटाके आणि रात्रभर जागल. ज्याच्याकडं परवाना आहे त्याची बंदूकही बहुतेक आवाजापुरतीच. रोही असो की डुक्कर, वनखात्याच्या परवानगीवाचून मारलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. पण आवाजासाठी असो नाहीतर छऱ्यांसाठी, ही बंदूक दर वेळी हातानं भरावी लागते. अमेरिकेत, युरोपात लाखो हौशी माणसं घरच्या टेबलावर काडतुसं भरतात आणि दारू अचूक कशी मापायची यावर रात्र रात्र वाद घालतात. आपल्याकडं तो छंद नाही. पण त्या छंदातला मूळ प्रश्न, दर वेळी तेवढीच दारू कशी पडेल, हा वऱ्हाडातल्या जागलकऱ्यापुढं प्रत्येक बाराला उभा असतो.

भरण्याची रीत अशी. नळीचं तोंड आभाळाकडं करून बंदूक उभी धरायची, तोंड आपल्या चेहऱ्यापासून लांब. दारू आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत ओतायची. साठ्याच्या डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. मागच्या बाराचा एखादा निखारा नळीच्या तळाशी धुमसत राहिला असेल, तर मापातली चिमूट पेटून हातावर येईल. डब्यातून ओतत असलात तर अख्खा डबा. माप म्हणजे पितळेची लहानशी नळी, एका बाजूनं बंद. दारूवर कागदाचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजानं खाली दाबायचा, वर छर्रे, त्यावर दुसरा बोळा. बोळा दारूला भिडलाच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब वेडावाकडा चढतो आणि नळी फुटल्याच्या कहाण्या जगभर आहेत. सर्वांत शेवटी निपलवर टोपी, घोडा आपटला की ठिणगी देणारी. या सगळ्यात तराजू कुठंच नाही, आणि जवळपास पाचशे वर्षं तो नव्हताच.

तराजूवाचून चाललं कसं, हे समजायला पायलीकडं जावं लागेल. दशमान वजनं सक्तीची होण्याआधी वऱ्हाडात ज्वारी पायलीनं मापली जाई, आणि मापारी कसा भरतो यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचे वाद होत. वरून धार धरली तर दाणे दाबून बसतात, हलक्या हातानं ढकलली तर सैल राहतात. पायली एकदा जमिनीवर आपटली की दाणे खाली बसतात आणि वर आणखी दोन मुठी मावतात. शीग लावायची की लाकडानं सपाट कापायची, हा आणखी निराळा तंटा. पायलीत कुठंही खोट नसते. तिचं आकारमान ठरलेलं असतं, पण त्या आकारमानात किती दाणे बसतील हे दाण्यांच्या मर्जीवर असतं.

ही मर्जी गणितात मांडता येते. एकसारखे गोल दाणे भांड्यात सैल ओतले, तर जागेचा साधारण ६० टक्के भाग दाणे व्यापतात, बाकी हवा. हलवून, आपटून बसवले तर हा आकडा ६४ च्या आसपास जाऊन अडकतो. कितीही हलवा, वर सरकत नाही. फळवाला संत्री रचतो तशी एकेक गोळी हातानं रचली तर ७४ टक्क्यांपर्यंत मजल जाते. याहून दाट रचना शक्यच नाही, असा अंदाज योहानेस केप्लरनं १६११ मध्ये केला होता. त्याची सिद्धता थॉमस हेल्स या गणितज्ञानं १९९८ मध्ये दिली. मापात दारू ओतणाऱ्याला ७४ शी काही देणंघेणं नाही. त्याचा सगळा खेळ ६० ते ६४ च्या मधला. सैल भरलेलं माप आणि ठोकून भरलेलं माप यांत दारूचा फरक पडतो सहा-सात टक्क्यांचा.

म्हणून जुन्या जाणत्यांचा नियम साधा होता, आणि आजही तोच आहे. ठोकायचं तर दर वेळी ठोका, तेवढेच ठोके. नाही ठोकायचं तर कधीच ठोकू नका. ओतण्याची उंची तीच, हाताचा वेग तोच, वरचा काठ सपाट कापायची रीत तीच. माप खरं किती दाखवतं याला फारशी किंमत नाही. ते आज जे दाखवतं तेच उद्या दाखवतं का, एवढंच बघायचं. एखाद्याचं माप दहा टक्क्यांनी मोठं असेल तर त्याची बंदूक थोडा जास्त धक्का देईल आणि तो त्याला सरावेल. माप आज मोठं आणि उद्या लहान असेल, तर त्याला कधीच काही सरावणार नाही.

सहा-सात टक्के हा फरक लहान की मोठा? याचं उत्तर पहिल्यांदा आकड्यांत दिलं ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. १७४२ च्या आपल्या तोफशास्त्रावरच्या पुस्तकात त्यानं एक साधं यंत्र मांडलं. लाकडाचा जड ठोकळा लोलकासारखा टांगायचा आणि त्यात गोळी मारायची. गोळी लाकडात रुतते, ठोकळा मागं झुलतो. त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली ते मोजलं की गोळीचा वेग हिशेबानं निघतो. तोवर गोळीचा वेग असा नेमका कुणी मोजला नव्हता. रॉबिन्सला मिळालेले आकडे सेकंदाला सोळाशे फुटांच्या पुढचे होते, म्हणजे आवाजाहून कितीतरी जास्त, आणि ते वाचून तोफखान्यातली मंडळी चक्रावली. पुढं हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. त्याचं काम चार्ल्स हटन यानं वूलिचमध्ये पुढं नेलं आणि १७७० च्या दशकात एक ठोकताळा मांडला. तो असा की, गोळ्याचा वेग दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

वर्गमूळ आलं की माणसाला थोडी सूट मिळते. दारू चार टक्के जास्त पडली तर वेग दोनच टक्के वाढतो. मापातली सहा-सात टक्क्यांची चूक वेगात तीन-सव्वातीन टक्के होऊन उतरते. वीस-पंचवीस पावलांवरच्या डुकराला हा फरक कळायचाही नाही. ठासणीची ही काळी दारू या बाबतीत मोठी समजूतदार. ती पेटते झटकन, पण तिच्या जळण्याचा वेग नळीतल्या दाबावर फारसा अवलंबून नसतो. चिमूटभर जास्त झाली म्हणून ती पिसाळत नाही.

लांबच्या माऱ्याला मात्र तीन टक्के महाग पडतात, आणि त्याचा दाखला वऱ्हाडातच आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यात अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची फौज भिडली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. मराठ्यांच्या तोफांनी पहिल्याच माऱ्यात कंपनीच्या काही पलटणींची अशी त्रेधा उडवली की त्या मागं फिरल्या आणि वेलस्लीला स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभं करावं लागलं. लढाई शेवटी त्यानं जिंकली. भोसल्यांच्या फौजेनं चिखलदऱ्याशेजारच्या गाविलगडाचा आसरा घेतला. किल्लेदार बेनीसिंग.

गाविलगड दक्षिणेकडून घेणं जवळजवळ अशक्य. म्हणून वेलस्लीच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सननं मेळघाटाच्या डोंगरांतून वाट काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री तिथं मोर्चे बांधले गेले. तट फोडण्याच्या मोर्च्यात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा होत्या. तेराला मारा सुरू झाला, पंधराला धावा झाला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं होतं. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावल्या, माणसं आत उतरली आणि दार उघडलं. बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

खिंडार पाडणं हे काम जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. दगडी तटावर गोळे कुठंही आपटून काही होत नाही. तट ते पचवतो. एकाच पट्ट्यात, एकाच उंचीवर, गोळ्यामागून गोळा बसला पाहिजे, तेव्हा दगडांचा सांधा सुटतो आणि वरचा भाग आपल्याच वजनानं खाली येतो. समजा तोफ पाचशे मीटरवर आहे आणि गोळ्याला तिथं पोचायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो साडेसात मीटरच्या आसपास खाली येतो. दारू सहा-सात टक्क्यांनी कमी-जास्त झाली तर वेग तीन-सव्वातीन टक्क्यांनी बदलतो आणि गोळा हातभर वर किंवा हातभर खाली लागतो. तोफ तीच, गोलंदाज तोच, निशाण तेच. तरी एक गोळा सांध्यावर बसतो आणि पुढचा हातभर वरच्या दगडावर वाया जातो. मारा दोन दिवसांत संपेल की चार दिवस चालेल, हे असल्या गोष्टींवर ठरतं.

यावर युरोपी तोफखान्यांनी काढलेला उपाय साधा पण दूरगामी होता. मैदानात दारू मापायचीच नाही. कोठारात, निवांत, तराजूवर तोलून फलालीनच्या थैल्या भरून शिवून ठेवायच्या आणि तोफेशी फक्त थैली ढकलायची. धुरात, घाईत, अंगावर गोळे पडत असताना माणसाच्या हातून एकसारखं माप पडणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं. म्हणून मोजण्याचं काम त्यांनी लढाईपासून लांब नेलं. पायदळालाही कागदात गुंडाळलेला बार आधीच भरून मिळे. पण तिथं एक गोची होती. चकमकीच्या बंदुकीत त्याच कागदातली थोडी दारू रंजक म्हणून, म्हणजे बार पेटवण्यासाठी, बाजूच्या पेल्यात सांडायची असे आणि उरलेली नळीत. ती ‘थोडी’ किती, हे प्रत्येक शिपायाच्या बोटांवर. कोठारात तोलून घेतलेली सगळी मेहनत शेवटच्या चिमटीत वाया जाई. टोपीची बंदूक आली तेव्हा पेला गेला आणि ही गळतीही बुजली.

मोठ्या तोफांचं शास्त्र वेगळंच होतं. अकोट तालुक्यात नरनाळ्यावर जी नऊगजी तोफ पडून आहे, तिच्यासारख्या ओतीव अजस्र तोफा एकमेकींसारख्या कधीच नसत. भोक वेगळं, धातूची जाडी वेगळी, कान कुठं घेतला आहे तेही वेगळं. एका तोफेचं माप दुसरीला चालत नसे. अशा तोफेची दारू किती हे तिच्यापाशी वर्षानुवर्षं राहिलेल्या गोलंदाजालाच ठाऊक. तो गेला की ते ज्ञानही गेलं. मला या तोफांचा आकार बघून कौतुक वाटतं, पण हेवा वाटत नाही. नऊ गजांची एक तोफ डोंगरावर बसून राहते. बारा पौंडी तीन तोफा, एकाच साच्यातल्या, एकाच वजनाच्या थैल्यांवर चालणाऱ्या, डोंगर ओलांडून येतात.

पण तोलणं मापण्यापेक्षा नेहमीच सरस, असंही नाही. दारूतला सोरा शुद्ध असेल तर हवेतलं पाणी फारसं ओढत नाही. त्यात मीठ मिसळलेलं असेल तर ओढतो. आणि मिठाची वऱ्हाडात कमतरता नव्हती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ काढत. असल्या मातीतून, जुन्या भिंतींच्या पोपड्यांतून खरवडून काढलेला सोरा नीट शुद्ध केला नाही, तर श्रावणात दारू ओलसर होणारच. ओलसर दारू तोलली तर तिच्यातलं पाणीही तोललं जातं. वजन बरोबर भरतं, पण तेवढ्या वजनात दारू कमी आणि पाणी जास्त. माप मात्र दाण्यांनी व्यापलेली जागा बघतं, आणि दोन-तीन टक्के पाण्यानं दाण्याचा आकार फारसा बदलत नाही. ठासणीवाले मापालाच चिकटून राहिले त्यात अडाणीपणा नव्हता. त्यांच्या दारूला माप हेच बरं लागू पडत होतं.

हा सगळा हिशेब १८८४ मध्ये उलटला. त्या वर्षी पॅरिसमध्ये पॉल व्येय या रसायनशास्त्रज्ञानं कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या पदार्थापासून धूररहित दारू बनवली. (वऱ्हाडच्या वाचकाला यातला कापूस ओळखीचा वाटेल, नायट्रोसेल्युलोजचा कच्चा माल बरेचदा सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू असतो.) व्येयनंच दाखवून दिलं की ही दारू थरांथरांनी जळते आणि दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो. इथं मेख आहे. दारू जास्त पडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी भराभर जळते, त्यानं दाब आणखी चढतो. काळ्या दारूनं दिलेली वर्गमुळाची सूट दाबाच्या बाबतीत इथं नाही. थोडी चूक फुगून मोठी होते. उष्णताही हिशेबात धरावी लागते: उन्हात तापलेली धूररहित दारू त्याच वजनाला जास्त दाब देते. जानेवारीच्या थंडीत ठीक वाटलेला बार अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांतल्या मे महिन्यात मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

म्हणून काडतूस भरणाऱ्यांच्या जगात तराजू आला आणि त्याबरोबर ग्रेन हे एकक. जवाच्या दाण्यावरून आलेलं हे वजन ६४.८ मिलिग्रॅमचं. आपल्या सराफाच्या भाषेत सांगायचं तर ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि एका तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. हौशी माणूस ज्या अचूकतेसाठी जीव टाकतो ती ग्रेनच्या दहाव्या भागाची, गुंजेच्या एकोणिसाव्या भागाइतकी. ही अचूकता खरंच लागते का, हे काडतुसावर अवलंबून. मोठ्या रायफलच्या काडतुसात पंचेचाळीस ग्रेनच्या आसपास दारू असेल, तर दहाव्या भागाची चूक म्हणजे ०.२ टक्के, सोडून द्या. पिस्तुलाच्या काडतुसात पाचच ग्रेन असेल, तर तीच चूक २ टक्के.

अशा छंदिष्टाच्या टेबलावर सहसा दोन्ही साधनं असतात. एक मापाचं यंत्र: वर दारूचा डबा, खाली फिरता दंडगोल, त्यात लहान-मोठा करता येणारा खळगा. मूठ वर केली की खळगा भरतो, खाली केली की तो काडतुसाच्या पुंगळीत रिकामा होतो. पायलीचे सगळे गुणदोष या खळग्यात उतरलेले आहेत. मूठ ज्या जोरानं आपटली तशी दारू बसते. डबा भरलेला असताना वरच्या दारूचं वजन खालच्या दारूला दाबतं, डबा उतरत गेला की माप हलकं पडू लागतं. म्हणून आतमध्ये एक आडवी पट्टी बसवतात, जी वरचा भार तोलून धरते. दाणे गोल असतील तर पाण्यासारखे वाहतात. बारीक काड्यांच्या आकाराची दारू असेल तर त्या एकमेकींत अडकतात, खळग्याच्या कडेशी कापल्या जाताना हाताला करकर जाणवते, आणि कधी नळीच्या गळ्यात त्यांचा पूल बनतो. मग एका पुंगळीत निम्मी दारू पडते आणि पुढच्या पुंगळीत दीडपट. पिस्तुलाच्या लहान बारात याहून वाईट प्रकार घडतो: लक्ष विचलित झालं आणि एकाच पुंगळीत दोनदा मूठ मारली. दारू पुंगळीच्या निम्म्याहून कमी जागेत मावत असेल तर दुप्पट भरली तरी ती ओसंडत नाही, काही दिसत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळ्या बसवण्याआधी दिवा धरून प्रत्येकीत डोकवायचं, हा नियम सगळ्या तराजूंपेक्षा जास्त जीव वाचवतो.

दुसरं साधन तराजू. दांडीचा तराजू सावकाश झुलतो आणि माणसाचा धीर बघतो. यंत्रानं थोडी कमी दारू पाडायची, पारडं तराजूवर ठेवायचं, मग एक आडवी नळी बोटांत फिरवत तिच्या टोकातून एकेक दाणा टपकवायचा. काटा रेषेवर आला की थांबायचं. पंखा सुरू असेल तर दांडी हलते, म्हणून पंखा बंद. इलेक्ट्रॉनिक तराजू झटपट, पण लावल्या लावल्या त्याचा शून्य सरकत राहतो. त्याला तापू द्यावं लागतं आणि मध्ये मध्ये प्रमाणित वजन ठेवून विचारावं लागतं. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या डब्याला दाणे चिकटतात, कारण स्थिर विद्युत. दाण्यांवर ग्रॅफाइटचा मुलामा देतात तो काही अंशी यासाठीच.

इतकं करून नेमबाजीत किती फरक पडतो? इथं एक गंमत आहे. अमेरिकेतल्या बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणाऱ्या, नेमबाजांचं सगळं कसब शंभर-दोनशे यार्डांवर एकाच भोकात पाच गोळ्या घालण्यात. त्यातले कित्येक जण मैदानावरच, तराजूशिवाय, नुसत्या मापाच्या मुठीनं दारू भरत आले आणि जिंकत आले. त्या अंतरावर मुठीतली थोडी कमी-जास्त लक्ष्यावर दिसत नाही. हजार यार्डांवर मारणारे मात्र दाणा दाणा तोलतात, कारण तिथं वेगातला लहानसा फरकही खालीवर होऊन दिसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. चुकतो तो, जो शंभर यार्डांवर दाणे मोजत बसतो आणि पुंगळीच्या गळ्याची पकड, गोळी किती आत बसली, टोपी नीट बसली का, यांकडं बघत नाही.

आपल्याकडं दारूगोळा बनवायला १९५९ च्या त्या शस्त्र कायद्याच्याच पाचव्या कलमानं परवाना लागतो, त्यामुळं हे टेबल मराठी घरांत आलं नाही. इथं काडतूस येतं कारखान्यातून. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याची ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसं परवानाधारकांना ठाऊक आहेत. लहान शस्त्रांची काडतुसं बनवणारा वरणगावचा कारखाना भुसावळजवळ, १९६४ चा. भंडाऱ्याजवळचा जवाहरनगरचा कारखाना दारू आणि स्फोटकं बनवतो; जानेवारी २०२५ मध्ये तिथं झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. ही वस्तू हाताळणं किती धोक्याचं आहे, हे तिथल्या माणसांना कुणी सांगावं लागत नाही.

काडतूस-कारखान्यांची जगभरची रीत बघितली तर मापून की तोलून या वादाला तिसरंच वळण लागतं. यंत्रं मिनिटाला शेकडो पुंगळ्या भरतात, आणि भरतात मापानंच. तराजूवर जातात ते मधूनमधून उचललेले नमुने. पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडते. दारूचा प्रत्येक नवा घाणा आधीच्यापेक्षा थोडा वेगळा जळतो, कितीही काळजी घेतली तरी. म्हणून कारखाना आधी चाचणीच्या नळीतून काडतुसं मारून वेग आणि दाब मोजतो, आणि ठरलेला वेग यावा म्हणून दारूचं वजनच बदलतो. एका घाण्याला थोडं जास्त, दुसऱ्याला थोडं कमी. दोन खोक्यांतल्या काडतुसांत दारूचं वजन वेगळं असतं आणि गोळीचा वेग एक. रॉबिन्सच्या लोलकाचंच हे काम, फक्त आता फितीऐवजी प्रकाशाचे पडदे आणि दाबाचे संवेदक आहेत.

नेमबाजांनी हे तर्कशास्त्र शेवटाला नेलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवून गेला, ते पन्नास मीटर रायफल प्रकारात. या प्रकारात काडतूस पॉइंट टू टूचं, रिमफायर. त्यात टोपी वेगळी नसते, पेट घेणारं रसायन पुंगळीच्या काठातच असतं, त्यामुळं ते घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. आत दारू जेमतेम ग्रेन-दीड ग्रेन. आणि पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. मग या पातळीचे नेमबाज काय करतात? रायफल पकडीत घट्ट आवळतात आणि एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकेक करून मारून बघतात. प्रत्येक लॉटच्या गोळ्या किती दाट पडल्या ते मोजतात, आणि त्या नळीला जो लॉट मानवला त्याची काडतुसं हजारोंनी उचलून ठेवतात. त्यात दारू किती आहे हे कुणी विचारत नाही.